बापूरावांच्या घरची सवाष्ण

“एवढ्या गावात तुला दुसरी सवाष्ण मिळाली नाही?”

अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी पुरण वाटत होते. श्रावणातला शेवटचा शुक्रवार, जिवतीची पूजा व्हायची होती.

“दरवर्षी गोदाताईच येतात,” मी म्हटलं.

“दरवर्षीची गोष्ट वेगळी. सोमवारी सभा आहे, ठाऊक आहे ना?”

ठाऊक नसायला काय झालं? त्या महिन्यात आमच्या नांदखेडला दुसरा विषयच नव्हता. यांचं, म्हणजे विश्वनाथ रासन्यांचं, पेठेत तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान. शिवाय हे व्यापारी मंडळाचे अध्यक्ष आणि नगरपालिकेचे सभासद. जुन्या भाजी मंडईच्या जागी मोठं व्यापारी संकुल उभारायचं आणि मंडईतल्या बायकांना जकात नाक्याच्या पलीकडे हलवायचं, असा ठराव यांनी आणला होता. ठराव झाला की व्यापारी खूश. व्यापारी खूश झाले की पुढच्या महिन्यात नगरसेवक नगराध्यक्ष म्हणून यांनाच निवडणार. यांची सगळी उमेद त्या खुर्चीवर होती. झोपेतसुद्धा हे “सन्माननीय सदस्यहो” म्हणायचे.

आड येत होते फक्त बापूराव ढमढेरे, विरोधी गटाचे पुढारी. मंडईतल्या बायकांची बाजू घेऊन ते रोज चौकात भाषण ठोकत. आणि गोदाताई म्हणजे बापूरावांच्या मंडळी.

“ती इथं येऊन जेवली तर माझी माणसं म्हणतील, रासने आतून मिळाले. मावशीच्या सुनेला निरोप धाडतो. तिला जेवू घाल.”

“काल संध्याकाळीच कुंकू लावून, अक्षता देऊन आले मी गोदाताईंना. लक्ष्मीला बोलवायचं आणि ऐन वेळी नको म्हणायचं, असं कसं करू?”

“आणि ती नाही आली तर?”

“तर मी थांबेन.”

आमच्या सासूबाईंनी घालून दिलेला नेमच होता तसा. बोलावलेली सवाष्ण जेवून उठेपर्यंत घरच्या बाईनं पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. आणि त्या वर्षी तर मी लेकीसाठी, शालूसाठी, नवस बोलले होते. आमची शालू पुण्याला सासरी होती. सातवा महिना लागला होता, आणि आधीच्या दोन खेपा वाया गेल्या होत्या. जिवती ही मुलाबाळांची आई. तिच्यापुढे हातचं राखून कसं चालेल?

यांनी उरलेला गाल भराभरा उरकला, टोपी चढवली आणि मंडळाच्या बैठकीला निघून गेले.

पूजा झाली. पुरणाचे दिवे लावून जिवतीला ओवाळलं, शालूच्या नावानं पुण्याच्या दिशेला अक्षता टाकल्या. पाट मांडला, रांगोळी घातली, पान वाढलं. एवढ्यात फोन वाजला.

“प्रमिला,” गोदाताई अगदी हळू आवाजात बोलत होत्या, “मला येता येत नाही गं. हे दारात खुर्ची टाकून बसलेत. म्हणतात, आज त्या घरचं अन्न खाल्लंस तर उद्या मंडईत मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.”

“मग?”

“मग काय. तुझी अक्षता घेतली आहे मी. तुझ्या पानावर बसल्याशिवाय मी तरी कशी जेवू? बसलेय माजघरात.”

“मीही बसते.”

“बस,” गोदाताई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

वाढलेलं पान मी केळीच्या पानानं झाकलं आणि देवघराशी पोथी घेऊन बसले. मला राग आला नव्हता. रुसलेही नव्हते. एवढ्या वर्षांनंतर हे सांगायला हवं, कारण पुढे या गोष्टीला लोकांनी काय काय रंग दिले.

दुपारी ताराबाई आली. मंडईत तिची कोथिंबीर-मेथीची जागा होती, आणि माल उरला की ती आमच्या दारी टोपली उतरवायची. तिनं आत डोकावून बघितलं.

“वयनी, तोंड का असं सुकलंय? जेवला न्हाई व्हय?”

“नाही. गोदाताई जेवल्याशिवाय नाही जेवायची मी.”

“कोन गोदाताई? बापूरावाच्या?”

“त्याच. त्यांना येऊ देत नाहीत. त्याही तिकडे उपाशीच बसल्यात.”

ताराबाई टोपली धरून तशीच उभी राहिली. “आन मालक काय म्हनत्यात?”

“त्यांना पसंत नाही. पण मी काही उठायची नाही, ताराबाई.”

“मंडईपायी?” तिचा आवाज एकदम खाली आला.

मी म्हटलं, “मंडईमुळेच सगळं झालंय ना बाई हे.” आणि ते काही खोटं नव्हतं.

ताराबाईनं टोपली तिथंच ओट्यावर ठेवली, पदर खोचला आणि आल्या पावली परत गेली. कोथिंबीर विसरलेली मी तिला त्या दिवशीच बघितली.

ऊन कलायच्या आत आमच्या गल्लीत माणसं मावेनात. मंडईतल्या झाडून सगळ्या बायका आल्या, टोपल्यांसकट. वांगीवाली, लिंबंवाली, सुकी मासळीवाली सुद्धा, आणि तिला सगळ्यांनी श्रावण म्हणून जरा लांब बसवलं होतं. “रासनेवयनींचा विजय असो!” मी खिडकीतून पाहिलं आणि मला घेरीच आली. तशी ती उपासानंही आली असेल.

गर्दीतून वाट काढत सांजदैनिकाचे वार्ताहर कुलथे आत आले. खांद्याला शबनम, हातात पेन.

“वहिनी, दोन्ही गटांच्या नेत्यांच्या पत्नी एकाच वेळी अन्नत्याग करतात, हे जिल्ह्यात पहिल्यांदाच घडतंय. आपली मागणी काय?”

“माझी कसली मागणी? गोदाताईंनी इथं येऊन दोन घास खावेत, एवढंच.”

“म्हणजे विरोधकांना सन्मानानं चर्चेला बोलवावं.”

“चर्चेला नाही हो. जेवायला.”

“स्नेहभोजन,” कुलथे लिहिता लिहिता पुटपुटले. “आणि तोपर्यंत?”

“तोपर्यंत पाणीसुद्धा नाही.”

“निर्जळी!” त्यांनी त्या शब्दाखाली दोनदा रेघ मारली आणि नमस्कार करून जवळजवळ पळतच गेले.

हे आले तेव्हा यांना आपल्याच घरात शिरायला वाट मिळेना. टोपी तिरकी झालेली, आवाज चढलेला. ओट्यावर उभं राहून यांनी दोन्ही हात वर केले.

“अहो, ऐका जरा! हे काही आंदोलन नाही. हे व्रत आहे! आमच्या घरचं शुक्रवारचं व्रत!”

बायका खो खो हसल्या.

“मालक,” ताराबाई पुढून ओरडली, “यवढी वर्सं आश्वासनं खाल्ली तुमची, आता व्रत खायला घालू नगा!”

“देवाशप्पथ सांगतो!”

“देवाला कशाला मधी घेता? देव आत बसलाय, वयनींच्या बाजूला!”

यांनी शपथेवर, अगदी छातीवर हात ठेवून खरं सांगितल्याची ही मला आठवणारी पहिलीच वेळ, आणि गावातलं एक माणूस विश्वास ठेवेल तर शपथ. हे आत आले आणि माझ्यासमोर मटकन खाली बसले.

“प्रमिला, एक घास खा. एकच. माझ्या पंचवीस वर्षांच्या मेहनतीचं मातेरं होतंय. मंडळाचे लोक फोनवर विचारतात, रासने, घरातच फूट आहे तर सभागृहात काय करणार?”

“अहो, मला का कळत नाही? पण गोदाताईंना आणा ना. आत्ता जेवते.”

“तो बापूराव पाठवेल तिला?”

“विचारून तर बघा.”

यांनी फोन फिरवला. तिकडेही तीच गत झाली असणार, कारण बापूरावांच्या दारातही म्हणे आमच्या गल्लीतून उठून अर्धी मंडई जाऊन बसली होती. ज्या बायकांसाठी रोज गळा काढायचा, त्याच बायका विचारत होत्या, आमच्यासाठी उपाशी बसलेल्या माऊलीला कोंडून का ठेवलंय? दिवेलागणीच्या सुमाराला बापूराव ढमढेरे गोदाताईंना घेऊन आमच्या दारी उतरले. आमच्या ज्या उंबऱ्यावर बायकोनं पाऊल टाकू नये म्हणून ते सकाळपासून आपल्या दारात खुर्ची टाकून बसले होते, त्याच उंबऱ्यावर यांनी त्यांना हात धरून वर घेतलं. बाहेर टाळ्या पडल्या.

“थांब,” बापूराव बैठकीत येताच गोदाताईंना म्हणाले, “आत जाऊ नकोस. आधी बोलणं होऊ दे.”

देवघराचं दार उघडंच होतं. मला सगळं ऐकू येत होतं.

“ठराव मागे घ्या,” बापूराव.

“मागे कसा घेऊ? व्यापाऱ्यांना शब्द दिलाय.”

“मग मंडई तिथंच ठेवा. संकुल बांधा, पण मंडई त्यातच राहिली पाहिजे.”

“तळमजल्यावर गाळे निघायचे आहेत, बापूराव.”

“मजल्याचं नंतर बघू हो. आज ‘मंडई हलणार नाही’ एवढं बाहेर जाऊन सांगता आलं म्हणजे झालं. तुम्हालाही आणि मलाही.”

मग यांचा आवाज आला, दुकानात गिऱ्हाईक जवळ सरकलं की येतो तसा. “बांधकाम समितीला सभापती लागेल.”

“तेच म्हणतो मी.”

“आणि पुढच्या महिन्यात...”

“तुम्ही आधी समितीचं बोला. पुढच्या महिन्याचं मग बोलू.”

मधेच गोदाताई उठल्या. पैंजण कधी घातले नव्हते त्यांनी, पण त्या दिवशी त्यांचं पाऊल सगळ्यांना ऐकू गेलं. “तुमचं चालू दे,” त्या म्हणाल्या. “मला भूक लागली आहे.” आणि सरळ आत येऊन पाटावर बसल्या.

बैठकीत एकदम घाई उडाली. बाई पानावर बसली म्हणजे तडजोड झाली, असंच बाहेरचे समजणार, हे दोघांच्याही एकाच वेळी ध्यानात आलं असावं. “ठरलं?” “ठरलं, ठरलं!” असं म्हणत दोघं गळ्यात हात घालून ओट्यावर गेले.

मी गोदाताईंचे पाय धुतले, हळदकुंकू लावलं, दूध-साखर दिली, फुटाणे हातावर ठेवले. पुरण गार झालं होतं. त्यांनी पोळीवर तुपाची धार धरू दिली, पहिला घास घेतला, आणि मला जवळ ओढून विचारलं, “शालूचं काय म्हणतात डॉक्टर?”

सबंध दिवसात शालूचं नाव काढणारं ते एकच माणूस.

“ठीक आहे म्हणतात. पण आधीही ठीकच म्हणाले होते.”

“होईल या खेपेला. पोटभर जेवते बघ मी,” त्या म्हणाल्या, आणि खरंच जेवल्या. बाहेर यांचं भाषण चाललं होतं. “माझ्या अर्धांगिनीनं माझे डोळे उघडले!” गोदाताईंनी तेवढ्यात आणखी एक पोळी मागून घेतली.

कार्तिकात शालूला मुलगी झाली, धडधाकट. त्याच्या आधीच हे नगराध्यक्ष झाले. बापूरावांच्या गटाची सगळी मतं यांना पडली आणि बापूराव बांधकाम समितीवर गेले. पेठेतून मिरवणूक निघाली. गुलालात माखलेले हे घरी आले आणि म्हणाले, “तुझ्या जिवतीनं दोन्ही घरं भरली.” त्या दिवशी मलाही तसंच वाटलं होतं, हे मी नाकारत नाही.

संकुल उभं राहिलं. तळमजल्यावर कापडाची, सोन्याची, चपलांची दुकानं. मंडई वरच्या मजल्यावर गेली. मजल्याचं नंतर बघू म्हणाले होते, ते असं बघितलं. जिन्याच्या तोंडाशी संगमरवरी पाटी लागली: ‘सौ. प्रमिलाताई रासने भाजी मंडई’. उद्घाटनाला मला मधोमध बसवलं आणि बायकांनी माझी ओटी भरली. हे सगळ्यांना उपोषणाची हकिगत सांगत. दरवेळी ती थोडी वाढे. एका भाषणात मी ऐकलं, मी तीन दिवस निर्जळी होते. मी घरी येऊन यांना म्हटलं, “अहो, एका दिवसाचं होतं, आणि गोदाताईंसाठी होतं.” हे म्हणाले, “भाषणात एवढा तपशील बसत नाही.”

भाजी घ्यायला जिना कोण चढणार? म्हातारी माणसं खालूनच हातगाडीवरची घेत. ताराबाई हातगाडीवाल्यांमध्ये खाली बसायची, तर पालिकेची गाडी तिची टोपली उचलून न्यायची. एकदा ती आमच्या ओट्यावर आली. टोपली नव्हती, नुसतीच आली.

“वयनी, एक मागनं हाय.”

“बोल ना.”

“तवा बसला हुता तसं पुन्यांदा बसा की आमच्यासाटी. तुमच्या पाटीखाली बसून बसून मेथी सुकती आमची.”

मी काय सांगणार तिला? तेव्हा मी तुमच्यासाठी बसलेच नव्हते म्हणून? ती अगदी भरवशानं बघत होती. रात्रभर जपमाळ हातात तशीच राहिली. सकाळी आंघोळ करून मी यांना सांगितलं, “मंडई तळमजल्यावर आणेपर्यंत मी अन्न घेणार नाही.”

यांच्या आमदारकीच्या तिकिटाचं बोलणं तेव्हा चाललं होतं. पक्षाचे निरीक्षक त्याच आठवड्यात यायचे होते. मला वाटलं, हे ओरडतील. नाही ओरडले. “आज काय आहे? एकादशी?”

“नाही. हे व्रत नाही.”

“बरं,” हे म्हणाले, आणि शांतपणे बाहेर गेले.

दुपारी दारावर झेंडूची तोरणं लागली. माझ्याशेजारी चौरंग आला, समई आली, गुरुजी येऊन स्तोत्र म्हणू लागले. ओट्यावर हे हात जोडून उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला हळू आवाजात सांगत होते, “व्रत आहे त्यांचं. शहराच्या कल्याणासाठी. मौनही आहे, तेव्हा कृपा करून बोलायला लावू नका.”

आणि सगळ्यांनी विश्वास ठेवला. अहो, एकजात सगळ्यांनी! शेजारपाजारच्या बायका रांगेनं आल्या, फुलं वाहून गेल्या. मी एकीला म्हटलं, “अगं, मंडईसाठी बसले आहे मी.” तिनं घाईघाईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. “नको वहिनी, मौन मोडेल!” कुलथे आले. त्यांना मी स्पष्ट सांगितलं, “लिहा. या वेळी मागणी आहे माझी.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दारातून नगराध्यक्षांकडे पाहिलं, पेन खिशाला लावलं आणि वाकून नमस्कार केला. अंकात आलं ते ‘नगराध्यक्षांच्या सुविद्य पत्नीचे लोककल्याणार्थ अनुष्ठान’. निरीक्षकही आले. कुंकू लावून घेतलं, प्रसाद घेतला. यांना म्हणाले, “घरात असं पावित्र्य असलं की माणूस लांब जातो.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ताराबाई आली. गर्दीतून कोपरानं वाट काढत ती माझ्यासमोर बसली.

“भायेर समदी म्हनत्यात, व्रत हाय. मंडईतल्या आमच्या बायाबी म्हनाल्या, जाऊन नमस्कार करून या. खरं हाय का, वयनी?”

“नाही ताराबाई. या खेपेला तुमच्यासाठीच बसले आहे.”

तिनं मान हलवली. उठून ती आत गेली. तिला आमचं स्वयंपाकघर ठाऊक होतं. वाटीत दहीभात घेऊन आली आणि स्वतःच्या हातानं घास माझ्या तोंडाशी धरला.

“खावा मग,” ती म्हणाली. “खऱ्याला कोन येतंय हितं.”

मी तोंड उघडलं. दारातून हे बघत होते. घास माझ्या घशाखाली उतरतो न उतरतो तोच हे ओट्यावर गेले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “पारणं झालं! मंडईतल्या एका गरीब भगिनीच्या हातून पारणं झालं!”

बाहेर कोणीतरी नारळ फोडला. ताराबाईनं वाटी खाली ठेवली आणि हात पदराला पुसले.